एकवीस टक्क्यांचा वाद

दादा,

तुला जाऊन बावीस दिवस झाले, तरी हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना मी अजून पाय उचलून टाकते. तिथं तुझी ऑक्सिजनची नळी पडलेली असायची. मशीन आतल्या खोलीत आणि तू मात्र जिकडे मी तिकडे, त्यामुळे ती पंधरा-वीस हात लांबीची प्लॅस्टिकची नळी घरभर तुझ्या मागं फिरायची. दोनदा मी तिच्यात अडखळले. एकदा तर दुधाचं पातेलंच हातातून गेलं आणि तू खुर्चीत बसून म्हणालास, "सुमे, बघून चाल की. माजा जीव हाय त्यात." मी तणतणत फरशी पुसत बसले होते. आता फरशी कोरडी असते आणि मी रिकाम्या जागेवरून पाय उचलते.

तुझ्याबद्दल जे सांगायचं ते तेराव्याला सगळ्यांनी सांगून झालं. सुभेदार होतास, बर्फातल्या चौक्या राखल्यास, गावातल्या किती पोरांना भरतीसाठी पहाटे पळायला लावलंस. ते सगळं खरं आहे आणि ते मी परत लिहिणार नाही. मला आपलं भांडण लिहायचं आहे. ते अर्धं राहिलं, आणि भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी सवय मला लहानपणापासून आवडत नाही. शिवाय त्या भांडणात मी तुझ्यावर अन्याय केला का, हे कुणाला तरी विचारायला हवं. तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

दिवाळी झाल्यावर तू माझ्याकडे सांगलीला आलास. वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. तुझा अवधूत बापासारखाच फौजेत, बायकोपोरांना घेऊन पार पंजाबात. कोरेगावकडच्या आपल्या गावात तू एकटा आणि शेजारी चुलतभावाचं घर. विड्यांचा आणि चौकीवरच्या रॉकेलच्या शेगड्यांचा धूर, दोघांनी मिळून तुझी फुप्फुसं खाल्ली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्सिजनचं मशीन घरी लावा, दिवसातून किमान सोळा तास, आणि काटा दोन लिटरवरच ठेवा, मनानं वाढवायचा नाही. मी घरी येऊन सोळाचे चोवीस केले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते मी. काठावर पास झालेलं मला चालत नाही.

मशीन आलं त्या दिवशी तू त्याच्याभोवती नवा बैल बघावा तसा फिरलास.

"ह्यात शिलिंडर कुठं हाय?"

"सिलिंडर नाही. हे खोलीतलीच हवा घेतं."

मग मी सुरूच झाले. हवेचे पाच वाटे केले तर जवळजवळ चार वाटे नायट्रोजन, एक वाटा ऑक्सिजन. उरलेल्या चिमटीत आर्गॉन, कार्बन डायऑक्साइड आणि इतर किरकोळ मंडळी. मशीन हवा ओढून घेतं, आतल्या बारीक खड्यांत नायट्रोजन अडकवून ठेवतं आणि ऑक्सिजन तुझ्याकडे सोडतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हंजी उफननी करतंय. दाना हिकडं, भुसा तिकडं." तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला इतकं नेमकं उत्तर दिलेलं नाही. पण मी कसली कौतुक करते! मी म्हटलं, भुसा म्हणू नकोस, उसाला युरिया टाकतोस त्यात नायट्रोजनच असतो. तुझे डोळे मोठे झाले. "एवढा डोक्यावर फुकट पडलाय, आन आमी पोती व्हातोय?" मग तुला सांगावं लागलं की हवेतला नायट्रोजन उसाला थेट उचलता येत नाही आणि आपल्यालाही नाही. श्वासाबरोबर आत जातो, तसाच बाहेर येतो. "पाव्हना," तू म्हणालास, "च्या न घेता गेला." त्या दिवशी आपण किती हसलो होतो. हसता हसता तुला दम लागला आणि मग मी घाबरून तुला रागावले.

आणखी एकदा तू विचारलंस, त्या एका वाट्यावाचून माणसाचं एवढं का अडतं? मी भाकरी थापत होते, म्हणून भाकरीवरूनच सांगितलं. भाकरी पोटात गेली म्हणजे काम झालं असं नाही. तिचा रस रक्तातून अंगातल्या प्रत्येक पेशीपर्यंत जातो आणि तिथं ऑक्सिजनशी गाठ पडून सावकाश जळतो. जाळ दिसत नाही, पण अंगातली ऊब त्याची आणि हातापायातलं बळही त्याचंच. अन्न अंगावर साठवता येतं, चार दिवस उपास घडला तरी माणूस तग धरतो. ऑक्सिजन साठवायला अंगात कोठारच नाही. तो श्वासा-श्वासाला आणावा लागतो, आणि मेंदूला तर चार-पाच मिनिटंसुद्धा त्याच्यावाचून काढता येत नाहीत. तू नाकातली नळी सारखी केलीस. मग म्हणालास, "बर्फात आमच्यातल्या एकाचं असंच झालं व्हतं." मी तव्यावरची भाकरी उलटली. विचारायला हवं होतं, दादा. तुला पुढं सांगायचं होतं हे मला कळलं होतं, आणि मी भाकरीकडं बघत राहिले.

संक्रांतीच्या आसपास तू पहिल्यांदा विषय काढलास.

"सुमे, मला गावाकडं ने. तितली हवा लागली की मी सुदरंन."

"हवा सगळीकडे सारखीच असते, दादा. इथंही एकवीस टक्के ऑक्सिजन, तिथंही एकवीसच."

"न्हाई सारकी. मी सांगतो तुला, न्हाई सारकी."

आणि मग तू बर्फातल्या चौकीचा विषय काढायचास. त्या चौकीवर वीस पावलं चाललं की गुडघ्यावर हात टेकून थांबायला लागायचं, डाळ शिजता शिजायची नाही, झोपेत माणूस दचकून उठायचा. "तितं ऑक्सिजनच नसतोय!" मी सांगायचे, तिथंही एकवीस टक्केच असतो, फक्त हवाच विरळ असते. पंगतीत भात आणि आमटी तीच, दोघांचं प्रमाणही तेच, पण वाढणारा हात आखडता घेतो. "मग मानूस उपाशीच राहिला न्हवं?" तू म्हणायचास. "तुजी टक्केवारी काय चाटायची?" तुझं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, म्हणूनच ते संपायचं नाव घेत नव्हतं. मी शाळेतून आले, हातपाय धुवायच्या आत सुरू. वरच्या मजल्यावरच्या बाई एकदा काळजीनं खाली येऊन डोकावून गेल्या. आपण दोघांनी त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर जिथं थांबलो होतो तिथून पुढं चालू केलं.

खरं कारण मी तुला दहादा सांगितलं होतं. गावात लाइट दिवसाची चार-चार तास जाते आणि मशीन विजेवर चालतं. इथं इन्व्हर्टर आहे, कुपवाडहून भरून आणलेला सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे, डॉक्टर दहा मिनिटांवर आहेत. तिथं काय आहे?

"तितं माजं घर हाय," तू म्हणालास.

ह्यावर मी पुन्हा टक्केवारी सांगितली.

वाद कायमचा मिटवावा म्हणून एका रविवारी मी तुला प्रयोग करून दाखवला. ताटलीत पाणी, पाणी नीट दिसावं म्हणून त्यात चिमूटभर हळद, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात वर चढलं. बघ, म्हटलं, मेणबत्तीनं आतला ऑक्सिजन संपवला आणि त्याची जागा पाण्यानं घेतली. ग्लासाचा पाचवा भाग. हे गावात केलंस तरी पाचवाच भाग. तू खुर्ची पुढं ओढलीस. "परत कर." मी परत केला. तू वाकून बघत होतास, नाकातली नळी ताटलीला लागेल इतका वाकला होतास आणि मी ओरडले की जाळाजवळ ऑक्सिजन आणू नकोस, कळत नाही का. मागं सरकून तू शांतपणे म्हणालास, "सुमे, मेनबत्ती जळत व्हती तवर पानी हाललंबी न्हाई. इजल्यावर चढलं. ऑक्सिजन खाल्ल्यानं चढत असतं तर जळताना चढाया पायजे."

मी म्हटलं, तुला काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत दार लावून एकटीनं चार वेळा करून पाहिला. तुझंच खरं होतं. मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच शिल्लक असतो, तेवढ्यावर ज्योत टिकत नाही एवढंच. आणि विझल्यावर आतली तापलेली हवा गार होऊन आकसते, म्हणून पाणी वर येतं. पाचवा भाग वगैरे निव्वळ योगायोग. तीस वर्षं मी मुलांना हे चुकीचं शिकवत आले, आणि ते पकडलं कुणी, तर दहावीनंतर वही हातात न धरलेल्या माणसानं. हे मी तुला सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मग हवेचंबी तुजं चुकलंच असंल, आणि मला ते नको होतं. मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात मात्र सांगितलं, की ही चूक माझ्या भावानं शोधून काढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं आणि मी कुकर लावला.

शेवटचं भांडण गुरुवारचं. प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या, उभं राहून राहून माझे पाय दुखत होते. मी चप्पल काढायच्या आत तू म्हणालास, "मग? कवा न्हेतीस?" आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "जा मग. एकटाच जा. गाडी करून देते, मशीन डिकीत टाकते. लाइट गेली की मला फोन करू नकोस. फोन करायलाही दम लागतो माणसाला." हे मी बोलले. सख्ख्या भावाला बोलले. जेवताना "भाकरी चांगली झालीया" एवढंच म्हणालास. शुक्रवारी, शनिवारी गावाचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, मी तुला घाबरवून गप्प केलं. वाईट वाटलं. आणि खरं सांगते, जरा सुटल्यासारखंही वाटलं.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन आले. नळी जागच्या जागी होती, मशीन चालू होतं, ऑक्सिजन येत होता, तू घेत नव्हतास. पायाला हात लावला तर गार. जे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले ते सगळं त्या एका क्षणी हाताला कळलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मग नेलं तुला गावाला. अडीच तासांचा रस्ता. मशीन घ्यावं लागलं नाही. कराड मागं पडल्यावर माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की एवढंच तर अंतर होतं. एखाद्या रविवारी सिलिंडर गाडीत टाकून सकाळी निघालो असतो आणि दिवेलागणीला परत आलो असतो. तुला अंगणात तास-दोन तास बसता आलं असतं. हे मला तेव्हा सुचलंच नाही. मी वाद जिंकायच्या नादात होते. इथं राहणार की गावाला जाणार, एवढे दोनच पर्याय मला दिसत होते. गावातल्या बायका रडताना म्हणाल्या, बहिणीनं लय केलं. मी मान खाली घालून बसले. मला वाटत होतं, मी तुला कोंडून ठेवलं आणि तू कोंडलेला गेलास.

परत आल्यावर एकदा तुझं ते रक्तातला ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं यंत्र माझ्या बोटाला लावून बघितलं. अठ्ठ्याण्णव. तुझा ब्याण्णव आला तरी मी दिवसभर खुशीत असायचे. अठ्ठ्याण्णव घेऊन मी खुर्चीत बसून राहिले.

काल मशीनवाला मशीन परत न्यायला आला. त्यानं ते पालथं केलं, मागचा एक आकडा वाचला आणि फॉर्मवर लिहिता लिहिता म्हणाला, "बाई, दुपारचं बंद ठेवत होता वाटतं?" मी म्हटलं, छे, चोवीस तास चालू. त्यानं मला तो आकडा दाखवला. मशीन एकूण किती तास चाललं ते त्यावर येतं, हे मला माहीतच नव्हतं. तू शंभर दिवस होतास, म्हणजे चोवीसशे तास व्हायला हवे होते. आकडा होता एकवीसशेच्या आसपास. तो गेल्यावर मी हिशेब करत बसले. तीनशे तास, आणि शाळेचे दिवस पंचाहत्तर. रोजचे चार.

मधल्या सुट्टीत मी रोज फोन करायचे. "नळी लावलीय?" "लावलीया." "मशीनचा आवाज कसा येत नाही?" "पंख्यात बुडतोय." थापाड्या! आणि थापही धड मारता आली नाही तुला. नुसती नळी काढून गेला असतास तर मशीन आपलं फिरत राहिलं असतं आणि मला जन्मात कळलं नसतं. पण खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, ही पलटणीची शिस्त. ती काही सुटली नाही.

मी तशीच खाली गेले. तळमजल्यावर मगदूम काका राहतात, हळदीचा व्यापार मुलांवर सोपवून दिवसभर ओट्यावर बसलेले असतात. त्यांना विचारलं, दादा खाली यायचा का?

"आवं बाई, तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय?" ते उठून उभेच राहिले. "तुमची गाडी गेटाभाईर पडली की दहा मिंटात लिफ्ट खाली. माज्या शेजारी ही खुर्ची त्येंचीच."

"काय करायचा इथं बसून?"

"काय करनार? पेपर वाचायचे. आल्यागेल्याला हवा शिकवायचे. अठ्ठ्याहत्तर नायट्रोजन, एकवीस ऑक्सिजन. भाजीवालीला सुदिक पाठ झालंय. 'हवा समद्यास्नी सारकी असती, भन सांगती माजी,' असं म्हनायचे."

मी ओट्याच्या कडेला टेकले. माझ्याशी रोज भांडलास आणि खाली येऊन माझाच धडा शिकवत होतास. काकांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं. पाणी पिऊन मी जे विचारायचं होतं ते विचारलं. गावाला जायचं फार बोलायचा का? रागावला होता का माझ्यावर?

काका जरा घुटमळले. "गावाचं बोलायचे. लय बोलायचे. मीच एकदा म्हटलं, सुभेदार, एवढं वाटतंय तर जावा की. अडीच तासाची तर वाट. तर म्हनाले, 'मगदूम, मला कोन अडवतंय जायाला? गाडी करून देते म्हनून भनीनं सांगितलंयबी. पर मी गेल्यावर सुमी काय करंल? शाळंतनं येती, माज्याशी भांडती, मग जेवती. भांडायला कुनी नसलं की जेवत न्हाई ती.'"

गाडी करून देते म्हणाले होते मी गुरुवारी. म्हणजे हे तू शुक्रवारी बोललास, नाहीतर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती तेव्हा. मी तुला घाबरवलं नव्हतं. तुला मी ठेवून घेतलं नव्हतंच. तू राहिला होतास.

जिना चढून वर आले ती चिडूनच. चार तास माझ्यापासून लपवलेस म्हणून चिडले, मला एक शब्द बोलला नाहीस म्हणून चिडले, आणि मी एकटी आहे हे खाली मगदूम काकांना सांगितलंस म्हणून तर फारच चिडले. काय काय बोलायचं ते जिन्यातच जुळवलं होतं. दार उघडलं. घरात कुणी नव्हतं.

काल दुपारी लावलेला भात तसाच आहे, दादा. मला जेवण जात नाही.